चाकाचा सांधा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९४ वा नियम टायरविषयी आहे. टायरवरील नक्षीची खोली दुचाकी व तिचाकी वाहनांस ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांस १.६ मिलिमीटर यांहून कमी असू नये, असे तो सांगतो. कर्नाटकाच्या परिवहन खात्यातील आमच्या सेवेची बरीच वर्षे या दोन आकड्यांच्या सोबतीत गेली. वाहनाची योग्यता तपासण्यासाठी मालमोटार उभी राहिली की आम्ही प्रथम चाकाशी बसत असू. नक्षी झिजून टायर गुळगुळीत झालेला दिसला की प्रमाणपत्र अडत असे आणि चालक म्हणे, "साहेब, आणखी दोन महिने जातंय की हो!" आमचे उत्तर ठरलेले असे : पाऊस तुझ्या दोन महिन्यांची वाट पाहणार नाही.

उत्तर रास्तच होते. टायरवरील खाचा पाण्यासाठी असतात. ओल्या रस्त्यावर चाकाखाली सापडलेले पाणी त्या खाचांतून बाहेर पडते आणि रबर रस्त्याला भिडते. खाचा नसतील तर वेगात असलेले चाक पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागते. मग ना सुकाणू ऐकते, ना ब्रेक. तेव्हा गुळगुळीत टायर म्हणजे अपराध, हे समीकरण आमच्या मनात पक्के बसलेले होते. अशा माणसाला जगात मुद्दाम गुळगुळीत घडवलेले, नवेकोरे आणि महागडे टायर असतात, आणि ते बसविणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, हे कळावे आणि ती विद्या पाहताना आपल्या मुडबीच्या लोहाराची आठवण यावी, हा योग थोडा विलक्षणच म्हणावा लागेल. या लेखाचा विषय तो योग आहे.

हे टायर ड्रॅग शर्यतीचे. नाव परके असले तरी शर्यत आपल्या लोकांना समजावून सांगायला अवघड नाही. पुणे जिल्ह्यातील बैलगाडा शर्यत ज्यांनी पाहिली असेल त्यांनी तिचा आत्मा पाहिलाच आहे. वळणे नाहीत, फेऱ्या नाहीत. सरळ धाव, आणि निकाल सेकंदांत. बैलगाड्याच्या त्या मार्गाला तिकडे 'घाट' म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने या शर्यती थांबल्या, १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशाने महाराष्ट्रात त्या अटींसह पुन्हा सुरू झाल्या, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, कर्नाटक व तमिळनाडू या तिन्ही राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. अमेरिकेत हीच सरळ धाव मोटारींची असते. तिचे परंपरागत अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी तेथे 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था स्थापन केली आणि रस्त्यांवर चोरून चालणाऱ्या शर्यतींना मैदान, नियम आणि पंच मिळाले. आपल्या देशातही चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील मार्गावर मोटारसायकलींच्या राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत, आणि लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या विमान धावपट्टीवरही अशा शर्यती भरल्या आहेत.

या शर्यतीचा निकाल पहिल्या काही फुटांत लागतो. इंजिनात ताकद कितीही असो, ती जमिनीला पोचली तरच गाडी पुढे जाते. नाही तर मागची चाके जागच्या जागी फिरतात, धूर काढतात आणि वेळ खातात. ताकद जमिनीला पोचविण्याचे सारे काम मागच्या दोन टायरांचे. मार्ग कोरडा आणि झाडून स्वच्छ केलेला असल्याने पाण्यासाठी खाचांची गरज नाही. खाच म्हणजे उलट तेवढे रबर कमी. म्हणून हा टायर सपाट, रुंद आणि मऊ रबराचा. सुटण्यापूर्वी त्याला थोड्या पाण्यात जागीच गरागरा फिरवतात. त्याने तो साफ होतो, तापतो आणि चिकट होतो. म्हणजे आमच्या ९४ व्या नियमाला जे पाप, तेच तेथे पुण्य. दोन्ही ठिकाणी कारण मात्र एकच : रबराने जमीन सोडता कामा नये.

पण टायर आणि जमीन यांचे नाते सर्वांना दिसते. आम्हांला सांगायचे आहे ते दुसऱ्या, न दिसणाऱ्या नात्याविषयी, टायर आणि चाक यांच्या सांध्याविषयी. त्यासाठी प्रथम मुडबीला यावे लागेल.

बसवकल्याण तालुक्यातील आमच्या मुडबीत १९६० च्या दशकात बैलगाडीची चाके पाच फूट उंचीची असत. तुंबा, आरे आणि घेराचे वाकडे लाकडी तुकडे सुतार घडवीत असे. हे सारे तुकडे एकमेकांत बसविलेले असले, तरी नुसत्या लाकडी चाकाला हाताने हलवले तर ते कुरकुरे. त्याचे चाक व्हायचे अजून बाकी असे. ते काम लोहाराचे. तो चाकाचा घेर दोरीने मोजी, लोखंडी पट्टी त्याहून किंचित कमी मापाची कापी, वाकवून तिची टोके भट्टीत तापवून घणाखाली एकजीव करी. ही धाव. मग मोकळ्या जागी धाव आडवी ठेवून तिच्याभोवती गोवऱ्या रचल्या जात. तास-दीड तासाने लोखंड लाल होई. तीन-चार माणसे सांडशींनी ते कडे उचलत आणि जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर घालत. लाकूड पेट घेई, धूर डोळ्यांत जाई. लोहार घणाचे ठोके देत चाकाभोवती फिरे आणि बायाबापड्या घागरींनी पाणी ओतत. पाणी पडताच धाव आवळू लागे, आणि मग चाकाच्या पोटातून कडकड असा आवाज येई. तो आवाज म्हणजे प्रत्येक आरा आपापल्या खोबणीत तळापर्यंत जाऊन बसल्याची पावती होती. लोहाराचे कान त्या आवाजाकडे असत, तोंडाने तो कोणाला ना कोणाला रागे भरत असे.

पुढे पदवीच्या अभ्यासात लोखंडाच्या प्रसरणाचा गुणांक शिकलो तेव्हा आम्ही हे गणित करून पाहिले होते. पाच फुटी चाकाचा घेर सुमारे १८८ इंच. सहा-सातशे अंशांनी तापविल्यावर तेवढ्या लांबीचे लोखंड दीड इंचाच्या आसपास वाढते. म्हणजे लोहाराला जी काही सूट मिळे ती एवढ्याच अंतरात. पट्टी फार आखूड कापली तर तापवूनही चढणार नाही, किंवा चढली तर आवळताना आरे मोडतील; फार लांब कापली तर थंड होऊनही सैल राहील. हे माप तो अंगठ्याच्या रुंदीने ठरवी. पुस्तक त्याने पाहिले नव्हते, पण त्याचे उत्तर आणि पुस्तकाचे उत्तर यांत फारसा फरक नव्हता.

या धावेला खिळ्याचा फारसा आधार नसे. ती चाकाला धरून राही ती केवळ आवळून, आणि चाक एकसंध राही ते तिच्या आवळण्यामुळे. दोघे एकमेकांच्या आधारावर उभे. मात्र हा सांधा एकदा केला आणि जन्माचा झाला, असे कधीच नव्हते. वैशाखात लाकूड सुकून आकसे, धाव सैल होई. मग शेतकरी गाडी ओढ्यात नेऊन चाके रात्रभर पाण्यात उभी ठेवीत. लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसे. काही वर्षांनी तेही पुरेसे होईना, तेव्हा धाव काढून, थोडी कापून, पुन्हा तापवून चढवावी लागे.

आमच्याकडील काळ्या मातीत, पावसाळ्यात, ही अरुंद लोखंडी धाव सुरीसारखी रुते. कोरड्या रस्त्यावर तीच खडी फोडून काढी. तोवर मोठ्या रस्त्यांवर रबरी चाके कधीच आली होती. निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये हैदराबाद संस्थानात २७ मोटारगाड्यांनिशी सरकारी प्रवासी सेवा सुरू केली होती. शेतकऱ्याच्या गाडीला हवेचे टायर मात्र बऱ्याच वर्षांनी लागले. तिला आमच्या भागात आजही 'टायरची गाडी' म्हणतात. ती आली आणि लोहाराच्या अंगणातील गोवऱ्यांचे कडे हळूहळू विझले. मुडबीत धाव चढविताना आम्ही शेवटचे पाहिले ते नोकरीला लागण्यापूर्वी. नंतर तो लोहार नांगराचे फाळ आणि दाराच्या कड्या करी, आणि त्याचा मुलगा हमरस्त्यावर पंक्चर काढण्याच्या दुकानात बसे. चाकाशी असलेले घराण्याचे नाते तुटले नाही, एवढेच.

रबरी टायर चाकाला कशाने धरून राहतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हवेच्या टायरची कल्पना १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी नोंदविली आणि १८८८ मध्ये जॉन बॉईड डनलप यांनी ती पुन्हा शोधून व्यवहारात आणली. आजच्या टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तारेची कडी असतात. आतली हवा या कडांना रिमच्या बाजूंवर दाबून धरते. म्हणजे गोवऱ्यांच्या आगीने जे काम होई ते येथे हवा करते. हवा भरपूर असेल तर टायर आणि रिम एकत्र फिरतात. हवा कमी झाली की कडांवरचा दाब कमी होतो, आणि जोराचा झटका बसला तर रिम आत फिरते व टायर मागे राहतो. आत ट्यूब असेल तर तीही टायरबरोबर ओढली जाते, व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. मग त्याची मान तुटते आणि सारी हवा एका क्षणात निघून जाते. मालमोटारींच्या बाबतीत आम्ही हे पाहिलेले होते.

२०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही अर्जित रजा घेऊन अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील एडिसन येथे भाच्याकडे महिनाभर राहिलो. तो भालकीचा, शिक्षणाने अभियंता. त्याच्या मोटारखान्यात दोन गाड्या : एक घरच्यांसाठी, आणि दुसरी १९८० च्या दशकातील फोर्ड मस्टँग, फक्त त्याच्यासाठी. महिन्यातून एखाद्या शनिवारी तो ती जवळच्या इंग्लिशटाउनच्या शर्यतमार्गावर हौशी लोकांच्या शर्यतीत नेत असे. आम्ही पोचलो त्याच आठवड्यात त्याचे नवे टायर आले होते. "मामा, तुम्ही आयुष्यभर टायर नापास केलेत, आता एक गुळगुळीत टायर बसवायला मदत करा," असे म्हणून त्याने आम्हांला खुर्ची दिली. मदत म्हणजे खुर्चीत बसून पाहणे, हे त्याला आणि आम्हांला दोघांनाही माहीत होते.

टायर २६ इंच उंच, १० इंच रुंद, १५ इंची रिमचा. हातात घेतला तर बाजू कापडासारखी दुमडे. मालमोटारीच्या टायरची बाजू पाहिलेल्या माणसाला तो आजारी वाटावा इतका मऊ. भाच्याने सांगितले की तो तसाच हवा. गाडी सुटताना या बाजूला सुरकुत्या पडतात, इंजिनाचा पहिला हिसका त्या सुरकुत्यांत जिरतो आणि रबराचा जास्तीत जास्त भाग जमिनीवर पसरतो. त्यासाठी हवा फार कमी ठेवतात. घरच्या गाडीत ३२ पौंड, तर या टायरात १२ पौंड. सर्वांत शक्तिशाली, खास इंधनाच्या गाड्यांच्या अजस्र टायरांत ती सात पौंडांच्या आसपास असते, आणि त्या गाड्या ताशी ५०० किलोमीटरच्या पलीकडे जातात.

आम्ही लगेच विचारले, "हवा इतकी कमी, आणि झटका इतका मोठा, मग टायर रिमवर फिरणार नाही का?"

"फिरतो तर! म्हणूनच आजचं काम."

त्याने पहिल्या दिवशी टायरला हातच लावला नाही. सारा वेळ रिमवर गेला. रिमच्या काठावर, जेथे टायरची कड टेकते, तेथे त्याने खडूने समान अंतरावर खुणा केल्या : बाहेरच्या बाजूला १२ आणि आतल्या बाजूला १२, पण समोरासमोर न येता एकाआड एक. प्रत्येक खुणेवर भोक पाडले. मग कानशीने आणि काचकागदाने प्रत्येक भोकाची धार मोडली आणि बोटाने चाचपून पाहिली. आम्हांला पाहण्याचा कंटाळा आला तरी त्याला चाचपण्याचा आला नाही. एक बारीक कीस राहिला तर तो ट्यूब फाडील, असे तो म्हणाला. रिम आठ इंच रुंद होती. ती फार अरुंद असती तर टायरचा मध्य फुगून कडा उचलल्या गेल्या असत्या, फार रुंद असती तर मध्य आत ओढला गेला असता. दोन्ही प्रकारांत जमिनीला लागणारे रबर कमी झाले असते.

दुसऱ्या दिवशी ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळली, म्हणजे ती टायरला आतून चिकटून एका जागी ताणली जात नाही. टायरच्या कडांना साबणाचे पाणी लावले, पण फार बेताने. आमच्याकडील दुकानांत ते हात सैल सोडून लावतात, कारण टायर लवकर चढतो. येथे ते राहिले तर टायर रिमवर घसरणार. एक कड रिमवर चढविली, ट्यूब घालून व्हॉल्व्ह भोकातून ओढून घेतला, लोखंडी पट्ट्यांनी दुसरी कड चढविली. पट्टीचे टोक आत फार जाऊ दिले नाही. मग थोडी हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. असे दोन-तीनदा केले, म्हणजे ट्यूबची चुणी आत राहत नाही. शेवटच्या खेपेला कडा 'टप्, टप्' अशा आवाजाने जागेवर बसल्या. त्या वेळी भाचा चाकाच्या समोर उभा नव्हता, बाजूला होता. टायरच्या उत्पादकाने दिलेल्या दाबाच्या पुढे एक पौंडही गेला नाही. त्याचेही कान त्या आवाजाकडे होते. घण नव्हता, गोवऱ्या नव्हत्या, पण चेहऱ्यावरचा भाव आम्ही पूर्वी पाहिलेला होता.

त्यानंतर आले स्क्रू. रिमच्या भोकांतून आखूड स्क्रू टायरच्या कडेच्या रबरात घट्ट बसविले. लांबी अशी निवडलेली की स्क्रूने रबर पकडावे, पण पार जाऊन ट्यूबला शिवू नये. एका चाकाला २४, दोन चाकांना ४८. आता रिम आणि टायर वेगळे फिरू शकत नव्हते. शेवटी त्याने टेप घेऊन दोन्ही टायरांचा घेर मोजला. तो सुमारे ८२ इंच होता, आणि भाच्याला दोहोंतील फरक सुतासुताने पाहायचा होता. दोन चाके लहानमोठी असतील तर जोराच्या सुटीला गाडी एका बाजूला ओढते. लोहाराची दोरी आम्हांला त्याच वेळी आठवली.

भाचा स्क्रू आवळीत होता तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आमच्या नोकरीत आम्ही पकड एकच मानली होती, टायरची जमिनीवरची. प्रत्यक्षात पकडी दोन आहेत, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. जमिनीवरची पकड वाढवायची तर टायर मऊ हवा आणि हवा कमी हवी. पण हवा कमी केली की चाकावरची पकड सैल होते. हवा वाढवून चाकावरची पकड राखावी तर टायर ताठ होतो आणि जमीन सोडतो. एकीला सांभाळताना दुसरी जाते. टायर बसविणाऱ्याची सारी कला या दोघींना एकत्र नांदविण्यात आहे : जमिनीशी नमते घ्यायचे, पण त्यापूर्वी आपल्या चाकाशी सांधा पक्का करून ठेवायचा. हा क्रम उलटला की व्हॉल्व्हची मान तुटलीच.

हा सांधा कोणाला दिसत नाही, म्हणून तो करणाऱ्यालाही कोणी पाहत नाही. शनिवारी इंग्लिशटाउनला गेलो तेव्हा लोकांच्या माना इंजिनांवर वाकल्या होत्या. चाकाच्या काठावरचे ते स्क्रू कोणी मोजले नाहीत. पण खेळ जिवाशी आहे, हे तो मार्ग विसरू देत नव्हता. तेथेच २१ जून २००८ रोजी पात्रता फेरीच्या वेळी स्कॉट कलिटा हा नामवंत चालक अपघातात मरण पावला, आणि त्यानंतर सर्वांत वेगवान दोन वर्गांचे अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणले गेले. तो अपघात टायरचा नव्हता. तरी त्या मार्गावर भाचा प्रत्येक धावेनंतर खाली वाकून स्क्रूंवरून हात का फिरवी, हे आम्हांला विचारावे लागले नाही.

आपल्याकडेही टायर बसविणे जिवाशीच असते. जुन्या मालमोटारींच्या चाकांना काठाशी एक सुटी लोखंडी कडी असते. ती नीट बसली नसताना हवा भरली तर ती तोफगोळ्यासारखी उडते. हैदराबाद रस्त्यावरील एका दुकानात अशी कडी उडून एका पोराचा हात खांद्यापासून निकामी झाल्याचे प्रकरण आमच्या सेवाकाळात आमच्यासमोर आले होते. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, हा साधा उपाय. पण पिंजरा सहसा दिसत नाही. वाहनाला नियम आहेत, चालकाला परवाना आहे. ज्याच्या हातांवर या दोघांचा भार, त्या टायरवाल्याला आम्ही कधी काही विचारले नाही. मालमोटारींच्या या भागात हे काम करणारी शेकडो मुले आहेत. त्यांना कोणी पंधरा दिवसांचे शिक्षण आणि एक पिंजरा दिला, तर कित्येक हात वाचतील. लोहाराला त्याच्या बापाने शिकविले होते. या मुलांना शिकवायला कोणी नाही.

आता थोडे आपल्याविषयी. हे पत्र वाचणारी बहुतेक घरे पिढ्यानपिढ्या या मुलखात स्थायिक झालेली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले : उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहीराबादकडचा भाग आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसूर राज्यात. लेकी-सुना एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात, असे झाले. आमच्या आजोबांच्या पिढीचे कागद उर्दूत, आमची नोकरी कानडीत, देवघर मराठीत. येथे टिकून राहायचे तर या मातीशी मऊ व्हावे लागते. ते आपण झालो, आणि त्यात गमावले काही नाही. कानडी शेजाऱ्याच्या घरची भाकरी आपल्या घरच्या भाकरीइतकीच आपली झाली. मऊ न होता ताठ राहिलेली काही घरे आम्ही पाहिली. ती रुजली नाहीत आणि गेली. पण काही घरे अशीही पाहिली की जी मऊ झाली आणि आतून फिरली : नातवाला आजीचे पत्र वाचता येईना. वरून गाडी नीट चाललेली दिसते. आत व्हॉल्व्हची मान ताणलेली असते.

भाच्याच्या घरी हा प्रश्न आमच्यापेक्षा दूरचा. त्याच्या मुलीला तेव्हा आठवे वर्ष होते. ती घरात इंग्रजी बोले. दर रविवारी सकाळी मात्र तो तिला तासभर मराठी वाचायला बसवी. ती रडे, तो बसवीच. आम्ही म्हणालो, पोरीला सुटीच्या दिवशी कशाला छळतोस? तो म्हणाला, "मामा, स्क्रू रोज लागत नाहीत. पण दर धावेनंतर हात फिरवावा लागतो." मोटारखान्यातील बोलणे त्याच्या डोक्यात अजून चालू होते, एवढाच तेव्हा आम्ही अर्थ घेतला. पुढे मुडबीला परत आल्यावर वैशाखात ओढ्यात उभ्या असलेल्या चाकांची आठवण झाली आणि त्याचे म्हणणे जुनेच आहे, हे कळले. लाकूड सुकतेच. ते पुन्हा पाण्यात ठेवणाऱ्या हाताला सुटी नसते.

जानेवारी २०१८ मध्ये इंग्लिशटाउनच्या त्या मार्गावरील ड्रॅग शर्यती बंद झाल्या. १९६५ पासून चालत आलेला तो खेळ तेथे संपला. भाचा आता दूरच्या दुसऱ्या मार्गावर वर्षातून दोनदा जातो. मऊ रबर लवकर म्हातारे होते, त्यामुळे आम्ही पाहिलेले टायर त्याने केव्हाच काढून टाकले. आम्ही दूरध्वनीवर विचारले की आता ती सारी भोके पुन्हा पाडावी लागली असतील. तो म्हणाला, "नाही मामा, रिम तीच आहे. भोकं नीट पाडलेली असली की पुढच्या टायरलाही तीच चालतात."